हाताच्या मागचे घोडे

लडाखमध्ये आमच्या कंपनीला त्या मोसमात आरामाचा असा एकच दिवस मिळाला. आदल्या संध्याकाळी फॉलइनमध्ये, सगळ्यांना रांगेत उभं करून, कंपनी कमांडरांनी हुकूम सुनावला. सकाळी सहाला एक ट्रक खालच्या तळ्याकडे निघेल. तळं बघा, जनावरं बघा, ऊन खा, अंधाराआधी परत या. फौजेत आरामसुद्धा हुकमानेच करावा लागतो. मी सेक्शनचा हवालदार, म्हणून ट्रक माझ्या ताब्यात.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक मन्मथ होता. तो शिरूर अनंतपाळचा, मी मुरुडचा, दोघं एकाच जिल्ह्याचे. चारचौघांत तो मला ‘हवालदार साब’ म्हणायचा, दोघेच असलो की ‘दादा’. मी त्याला अप्पा म्हणायचो. आमच्याकडे लिंगायत माणसाला अप्पाच म्हणतात. गळ्यात इष्टलिंग. आंघोळीशिवाय लिंगपूजा नाही आणि पूजेशिवाय तोंडात घास नाही. वर चौकीवर थंड पाण्याच्या आंघोळीला डॉक्टरांची सक्त बंदी होती. तिथे तो ओलं फडकं अंगावरून फिरवायचा आणि देवाची समजूत काढायचा.

तो नुकताच सुट्टीवरून परतला होता. येताना लेकीला, गौरीला, रानघोड्यांचा फोटो कबूल करून आला होता. खरं तर ती रानगाढवं. तिकडे त्यांना कियांग म्हणतात.

“गाढवंच बघायची तर मुरुडच्या बाजारात काय कमी हायत?” मी म्हणालो.

“दादा, पोरीला घोडे म्हणून सांगून बसलोय. आता गाढव कसं म्हणू?”

सकाळी डिझेल गोठलेलं. ट्रक आठला निघाला. वाटेत टायर गेला. तळ्यावर पोचलो तर वारा असा, की डोळे उघडेनात. बिळातून एका मार्मोटने, मांजराएवढ्या लठ्ठ खारीने, तोंड काढलं, आमच्याकडे बघितलं आणि आत गेला. घोडा औषधालासुद्धा दिसला नाही. एवढी वाट तुडवून दगड बघायला आलो का, असं मला झालं.

मी ड्रायव्हरबरोबर आता हवा गेलेल्या दुसऱ्या चाकाशी झटत होतो. मान वर केली तर तळ्याकडून अप्पा येत होता, ओल्या केसांनी.

“अप्पा, डोकं फिरलं का तुझं?”

“आज आरामाचा दिस हाय, दादा. समोर इतकं पाणी असताना फडकं फिरवून देवाला फसवू? न्हाई जमत.”

मी त्याला वाट्टेल ते बोललो आणि माझा कोट त्याच्या अंगावर टाकला. त्याने ट्रकच्या आडोशाला पूजा केली. मग पुडकं सोडून घरून आणलेली धपाटी सगळ्यांना वाटली आणि घोडे शोधायला टेकाड चढून गेला. खाली आला तो खोकतच. ओठ निळे. खोकला कालपासूनच होता, हे तेव्हा कळलं.

“सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं असतं तर आणलं असतंस का?”

उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं, त्याला फौजेत हापो म्हणतात. थंडीने आणि चढण्याने ते झपाट्याने वाढतं. उपाय दोनच, ऑक्सिजन आणि लवकर खाली उतरणं. आमच्याबरोबर आलेल्या नर्सिंग असिस्टंटने ट्रकमधला सिलिंडर लावला. मी रेडिओ घेतला.

“कंट्रोल, एक कॅज्युअल्टी. हापो. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर.”

“वारा जास्त आहे. रोडने खाली दवाखान्यात आणा. ओव्हर.”

खालच्या वळणावर रस्ता बंद होता. पर्यटकांच्या गाड्या आडव्यातिडव्या लागल्या होत्या. पुढे रस्त्याच्या कडेला तीन रानघोडे निवांत चरत होते. दिवसभर जे दिसले नाहीत, ते आता, इथे. मी उतरून ओरडलो, काचा ठोकल्या. एक जण मोबाईल धरून म्हणाला, “बस एक मिनट, भाईसाब.” त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

ट्रकमध्ये मागे झोपलेल्या अप्पाने मास्क बाजूला केला. “दादा, फोटो.”

मी त्याच्या कॅमेऱ्याचं बटण एकदाच दाबलं. मग आम्ही जवानांनी हातांनी ढकलून गाड्या बाजूला केल्या.

संध्याकाळी सहा वीसला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात थांबवले.

पार्थिवाबरोबर मी शिरूरला आलो. त्यांच्या रीतीप्रमाणे अप्पाला बसता ठेवलं, तळहातावर इष्टलिंग दिलं. सलामी झाली. मला रडू आलं नाही, रागच आला. त्या वाऱ्याचा, त्या ‘एक मिनट’चा, आणि सगळ्यात जास्त अप्पाचा. देव एक दिवस फडक्यावर थांबला असता की! तो राग अजून गेलेला नाही. आता पेन्शनीत आहे. दरवर्षी त्या दिवशी शिरूरला जातो, समाधीवर बेल वाहतो आणि त्याच्याशी भांडून येतो.

पहिल्या वर्षी तो फोटो कागदावर काढून नेला होता. त्यात एका पर्यटकाचा मोबाईल धरलेला हात आडवा आलाय. गौरीने बराच वेळ बघितलं.

“काका, एकच घोडा हाय की. बाबा तर म्हनले व्हते लई असतेत.”

“बाकीचे हाताच्या मागं हायत, बाळा. तुझ्या बाबानं बघितले.”

तिने फोटो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला शोधू लागली.