आधी शेपूट बघा

बोलणाऱ्याच्या तोंडासमोर उजवा तळहात धरायचा आणि म्हणायचं, "नावाची घाई नको. आदी शेपूट बगा." ही आमच्या शेजारच्या काकांची सवय. सुकापूरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी एका घारीला गरुड म्हणालो, तेव्हा तो तळहात मी पहिल्यांदा पाहिला. मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे गप्प बसायची सवय नव्हती. ती त्यांनी लावली.

इमारत उभी आहे ती त्यांच्या भातखाचरावर. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले, आणि शेतकऱ्याला सकाळी करायला काही उरलं नाही. मुलीने जुना कॅमेरा दिला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकून ते बसू लागले. समोरच्या आंब्यावर शिक्र्याचं, म्हणजे ससाण्यासारख्या एका छोट्या शिकारी पक्ष्याचं, घरटं होतं. जोडीने काड्या आणल्या तेव्हापासून पिल्लू उडेपर्यंत त्यांनी एकही सकाळ चुकवली नाही. घरच्या लग्नाच्या हळदीलाही उशिरा गेले. "त्याला आज सरडा भरवीत होती," एवढंच कारण सांगितलं.

त्या पिल्लाचा फोटो पनवेलच्या एका प्रदर्शनात लागला. खाली त्यांचं नाव. तोवर ते नाव सातबारा आणि वीजबिल सोडून कुठे छापलेलं नव्हतं. इस्त्रीचा सदरा घालून ते तीनदा त्या भिंतीसमोरून गेले, सहज गेल्यासारखे.

परीक्षक झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घालून वातानुकूलित सभागृहात आले होते. लपायला तिथे एक कुंडी होती. त्यांनी जाहीर केलं, "हा बेसरा, शिक्र्यासारखाच, पण दाट जंगलातला. गळ्यावरची रेघ बघा, किती ठळक. भरवस्तीत बेसरा ही मोठी नोंद आहे. पहिलं बक्षीस."

तळहात वर झाला. "शिक्रा हाय. शेपूट बगा, पट्टे बारीक हायत."

"काका, आम्ही वीस वर्षं पक्षी बघतोय."

"मी याला अंड्यातून निगाल्यापासून बगतोय." त्यांनी पिशवीतून आणखी दोन फोटो काढले. "ही आई, हा बाप. दोगं बी शिक्रे. मंग पोर बेसरा कुटनं आला?"

मागे कोणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. "शिक्रा काय, कुठेही दिसतो. बक्षीस बेसऱ्याला आहे."

"मंग बेसऱ्यालाच द्या. माजा खाली उतरवा."

कोणी हलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच फ्रेम काढून काखेत मारली.

रिक्षात मी म्हणालो, "मान डोलवली असती तर काय बिघडलं असतं? तुमचं नाव राहिलं असतं."

"माजं नाव खरं आनि त्याचं खोटं? नाय जमायचं, मास्तर." मग खिन्नपणे बाहेर बघत म्हणाले, "भिंत चांगली होती पन."

फ्रेम आमच्या लिफ्टशेजारी लागली. खाली त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: 'शिक्रा. आईबाप बी शिक्रेच.'

ते जाऊन दोन वर्षं झाली. टाकीखालची खुर्ची कोणी उचलत नाही. परवा इमारतीला रंग लावताना नवे सेक्रेटरी फ्रेमपाशी थांबले. माणूस सभ्य. "फोटो राहू दे, पण शिक्रा कोणाला कळतो? खाली 'गरुड' छापून घेऊ. भारदस्त वाटेल."

माझा उजवा तळहात त्यांच्या तोंडासमोर गेलेला होता.