घाटावरचे आणि घाटाखालचे विहीरवाले

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या मधोमध घाट आडवा झोपला आहे. वर काळा दगड, खाली पूर्णा नदीकडे पसरत गेलेली गाळाची जमीन. म्हणून विहिरी खोदणारेही दोन तऱ्हेचे आणि त्यांची पाण्याबद्दलची समजही दोन तऱ्हेची. घाटावरचे म्हणत, पाणी दगडाच्या भेगेतून वाहतं, आणि दगडातल्या विहिरीला आतून बांधायची गरज नसते. घाटाखालचे म्हणत, पाणी रेतीत बसलेलं असतं, आणि एकदा खारं लागलं की त्याखाली खारंच. आपापल्या जमिनीत दोघंही खरे ठरत, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकायची कोणाला गरज पडली नाही.

इंद्रभान घाटाखालचा. जानराव त्याचे उस्ताद. त्याच्या हातात पहिली सब्बल, म्हणजे खोदायची पहार, त्यांनीच दिली, म्हणून तो त्यांना बाबा म्हणायचा. रोहिणखेडच्या टपरीवर घाटावरच्या शेषरावांची टोळी भेटली की चहाआधी भांडण.

"आले का दगडफोडे?" इंद्रभान म्हणायचा.

"आलो ना! तुमच्या खाऱ्या पान्याचा चहा प्याले आलो. साखर जास्त टाका म्हना," शेषराव म्हणायचे.

"तुमच्या बिनबांधल्या विहिरीत उतराचं म्हनजे घरी निरोप देऊनच याव लागते."

टपरी हसून हसून आडवी व्हायची. काय दिवस होते ते!

मग घाटाच्या अगदी पायथ्याशी शेत असलेल्या कोकिळाबाईनं दोन्ही टोळ्यांना एकाच विहिरीवर बोलावलं. "कोनाचं खरं, ते तुमचं तुम्ही पाहा," ती म्हणाली. "मले गोड पानी पाह्यजे."

वर रेती निघाली. शेषराव बांधायला नको म्हणाले, आणि रात्रीतून एक बाजू ढासळली. सकाळी त्यांनीच गुपचूप सिमेंटच्या रिंगा उतरवायला हात लावला. इंद्रभान दिवसभर मिशीत हसत होता.

पण रिंगांच्या तळाशी पाणी लागलं ते खारं. त्याच्या खाली काळा दगड.

"इंद्रभान, वर ये," काठावरून जानराव म्हणाले. "बुजवून टाकू."

"उस्ताद, दगड पोकळ वाजून राह्यला," शेषराव म्हणाले. "फोडून तं पाहू द्या."

"खाऱ्याखाली खारंच असते. माह्या उस्तादानं सांगतलं हाय."

विहिरीत एकटा इंद्रभान होता. दगड पोकळ वाजत होता, ते त्याच्या तळपायालाही कळत होतं. पण आता फोडायचं म्हणजे ज्या माणसानं आपल्याला माती ओळखायला शिकवलं, त्याला चारचौघांत खोटं पाडायचं. आजवर त्यानं त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. ती आता करावी लागली, कारण ते काठावर उभे होते.

"बाबा, मी वर येत नाही."

जानरावांचा चेहरा काठावरून दिसेनासा झाला.

रिंगा आणि दगड यांच्यामधली फट सिमेंटनं बुजवून खारं पाणी अडवलं, मग दगड फोडला. भेगेतून बारीक धार आली. कोकिळाबाईनं ओंजळ तोंडाला लावली आणि पदरानं तोंड पुसत हसली.

लिंबाखाली जानराव पाठ करून बसले होते. इंद्रभाननं तांब्या पुढे केला. ते प्याले. रिकामा तांब्या मांडीवर ठेवला.

"माह्या उस्तादानं दगडापर्यंत कधी खोदलंच नाही," ते म्हणाले. "मीबी नाही."

"बाबा, चुकलं माह्यं."

"तुह्यं काय चुकलं बे? आमचं चुकलं. पन लोकाले सांगतानी आमचं नाव गाळू नको. आम्ही काय समजत होतो ते आधी सांग, मंग तुह्यं सांग."

आज जानराव नाहीत. गावोगाव बोअरची मशीन फिरते. हातानं विहीर खोदणारे उरले थोडे, आणि तेही आता एकाच टोळीत. घाटावरचे मुरूम लागला की रिंगा मागवतात, घाटाखालचे दगडाला कान लावतात. दोघांची समज एकच झाली. टपरीवर मात्र चहा नुसता पिऊन होतो. इंद्रभान कधी जुनी खोडी काढतो, शेषराव नुसते "हाव, खरं हाय" म्हणतात, आणि इंद्रभानला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

नवी माणसं कामावर आली की शिकवायचं काम त्याच्याकडे. तो सब्बल जमिनीत रोवतो आणि सुरुवात करतो, "आमचे उस्ताद जानराव म्हनत, खारं लागलं की बुजवा."

एवढं बोलून तो थांबतो. शेषरावही त्याला घाई करत नाहीत. मग तो दगडाचं सांगायला लागतो.