नात्याचा रकाना

पाटोद्याच्या तहसिलीसमोर मी चाळीस वर्षे दस्त लिहिले. वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे, मृत्युपत्रे. कागदावर उतरले ते मोडायचे नाही, हाच माझा धर्म होता. देवावर श्रद्धा आहे का, हे मी स्वतःला कधी विचारले नव्हते. म्हणून पुढे जे लिहितो आहे त्याला कृपा म्हणावे की योगायोग, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

अकरा वर्षांपूर्वी माझी मुलगी रेखा हिने स्वतःच्या पसंतीने लग्न केले. मी घराचे दार तिला बंद केले. माझी पत्नी इंदू म्हणाली, तिला दार बंद असेल तर मीही या घरात राहणार नाही. मी मुद्रांक घेतला आणि फारकत लिहिली. मजकूर माझा, अक्षर माझे, साक्षीला चार पंच. तिने न वाचता सही केली आणि आष्टीला, रेखाच्या गावी, खोली घेऊन राहिली. त्यानंतर माझ्या लेखी ती कोणी नव्हती.

यंदा चैत्रात निरोप आला. मेंदूत रक्तस्राव होऊन इंदू बीडच्या एका रुग्णालयात होती. मी गेलो. तिचा श्वास यंत्रावर चालू होता. डॉक्टरांनी सांगितले, ती शुद्धीवर येण्याची आशा नाही. यंत्र चालू ठेवायचे की काढायचे, हे जवळच्यांनी ठरवावे. रेखा उसळली. "काढायचं न्हाई! आणि आप्पा, तुमी कोण बोलणारे? फारकत लिहिताना हात थरथरला न्हाई तुमचा."

रुग्णालयाच्या वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, "फारकत कोर्टाची का?" मी म्हणालो, पंचांसमोरची. ते म्हणाले, "बाबा, तुमच्या समाजात तशी रूढी असल्याचे सिद्ध करता येत नसेल, तर त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. तुम्ही आजही पती आहात."

जन्मभर कागद लिहिणाऱ्या माणसाचा स्वतःचा कागद खोटा निघाला. असे कागद मी इतरांनाही लिहून दिले होते. मान खाली गेली. तरी प्रश्न उरलाच. कायद्याने मी पती होतो. पण अकरा वर्षे जिची विचारपूस केली नाही, तिच्या श्वासाबद्दल बोलण्याचा मला अधिकार होता का? रेखा दारात उभी होती. ती मला खोलीत जाऊ देत नव्हती.

दुपारी मी कुंडात उभ्या असलेल्या कंकालेश्वराच्या देवळाकडे गेलो. आत गेलो नाही. कुंडाच्या काठावर बसलो. इंदूचे आयुष्य मागितले नाही, तेवढे तोंड नव्हते. एवढेच म्हणालो, मला अधिकार आहे की नाही, ते सांग.

किती वेळ गेला, माहीत नाही. मागून आवाज आला, "पाटोद्याचे दस्तवाले तुमीच का?" साठीतला माणूस, हातात कापडी पिशवी. तो रशीद, आष्टीचा फळविक्रेता, इंदूचा शेजारी. ती आजारी असल्याचे कळताच पहिल्या एसटीने निघाला होता. रुग्णालयात माझी चौकशी केली, तेव्हा दारावरच्या रखवालदाराने मला या बाजूला जाताना पाहिल्याचे सांगितले. "अक्कानं पाकीट देलंतं. म्हनल्या, मला काई झालं तर त्यांच्याच हातात दे. लई खडूस माणूस हाय, पर लिहिल्यापल्याड जात न्हाई."

पाकिटात नोटरी केलेला दस्त होता. साक्षीदार दोन, त्यातला एक रशीद. शुद्ध परत येण्याची आशा नसेल तर यंत्रावर ठेवू नये, असे इंदूने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. निर्णय कोणी घ्यावा, तिथे माझे नाव होते. नात्याच्या रकान्यात तिने लिहिले होते: पती. खाली आणखी दोन ओळी. 'रेखाला हे झेपणार नाही, तिच्यावर टाकू नये. सही करण्याआधी त्यांनी रेखाचा हात धरून तिला शेजारी बसवावे.'

मी तो दस्त तीनदा वाचला. मग रशीदने मला हात देऊन उठवले.

रुग्णालयात परतून रेखाला कागद दिला. वाचून ती भिंतीला टेकली. मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही. म्हणाली, "बसा आप्पा." अशा वेळी कायद्याने लागणाऱ्या डॉक्टरांच्या दोन्ही मंडळांनी तपासून मत दिले आणि मग मी सही केली. नात्याच्या रकान्यात मीही लिहिले: पती. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी इंदू गेली. आम्ही दोघे शेजारी बसलो होतो.

रशीद आलाच नसता तर काय झाले असते, याचा मी विचार करत नाही. त्या कुंडाशी मी विचारले आणि मला उत्तर मिळाले, एवढेच जाणतो. आता दर सोमवारी जातो, आतही जातो. काही मागत नाही. जे दिले त्याबद्दल हात जोडतो आणि परततो. माझे शहाणपण कुठवर पुरते, ते मला कळले आहे.

फारकतीची माझी प्रत फाडली नाही. ती पेटीत आहे. तिच्यावर इंदूचा कागद ठेवला आहे. माझे लिहिलेले खाली, तिचे वर.