भिंतीखालची झडप

आमची इंजिनिअर कंपनी सुरतेला पुराच्या ड्युटीवर गेली तेव्हा मी हवालदार होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. भादवा चालू होता, घरोघरी गणपती बसले होते आणि वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला होता. आमच्या प्लाटूनला तापीकाठच्या पूरभिंतीचा एक तुकडा नेमून दिला. तुम्हा सिव्हिल लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बंदूक. आम्ही उभ्या नोकरीत बंदुकीपेक्षा फावडंच जास्त धरलं. वाळूची पोती भरायची, भिंतीच्या सांध्यांना थापायची, पाण्याची पातळी दर तासाला रेडिओवर कळवायची. काम कंटाळवाणं होतं. पुरात कंटाळा आला की समजायचं, सगळं ठीक चाललंय.

भिंतीच्या आतल्या अंगाला लूम कामगारांची वस्ती होती. बहुतेक खानदेशातले. भिंत आहे म्हणून ते निर्धास्त होते. बाहेर नदी डोक्याच्या वर चढलेली आणि आत बायका ओट्यावर भाकरी थापतायत, असं चित्र. माझ्या सेक्शनमधला लान्स नायक सुखदेव अमळनेरकडचा. वस्तीत पाऊल टाकल्याबरोबर त्याची अहिराणी सुरू झाली आणि तासाभरात तो कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा होऊन बसला. चहा आम्हाला मिळायचा तोही त्याच्या नावावर. मी त्याला म्हणायचो, अरे, तू ड्युटीवर आलायस की सासरी? तो नुसता हसायचा. पोरगा गुणाचा होता. पाण्यात तर मासाच.

दुपारी वस्तीतून आरडाओरडा झाला. भिंत शाबूत होती, पण गटारांच्या झाकणांतून पाणी उसळत होतं. गढूळ, लाल. नदीचंच पाणी. भिंतीखालून एक मोठा पाइप बाहेर नदीत जातो, वस्तीचं सांडपाणी त्यातून निघतं. त्याच्या नदीकडच्या तोंडावर लोखंडी झडप असते. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं आणि नदी चढली की नदीच्याच दाबाने ती बंद होते. त्या दिवशी ती बंद झालीच नव्हती. आम्ही गटारांवर पोती टाकली, पाण्याने ती उडवून लावली. एका झाकणावर बसावं तर दुसरं फुटायचं. म्हातारीकोतारी, लेकरं सगळी बैठ्या खोल्यांत. पाणी असंच येत राहिलं असतं तर भिंतीने ते बाहेर जाऊ दिलं नसतं. वस्तीचा हौद झाला असता.

तेव्हा रामदास पुढे आला. लूमवर काम करणारा, चाळिशीचा माणूस. माझ्याकडे न बघता सुखदेवला म्हणाला, "दादा, त्या झडपले तार मीच बांधेल शे."

कारण साधं होतं. समुद्राला भरती आली की नदी फुगायची, झडप मिटायची आणि वस्तीचं घाण पाणी उलटं घरात शिरायचं. महिन्यातून कितीदा तरी. अर्ज देऊन लोक थकले. शेवटी रामदासने झडप उघडी धरून जाड तारेने भिंतीतल्या आकड्याला बांधून टाकली. सगळ्यांनी त्याला दुवाच दिला. पुरात काय होईल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तो म्हणत होता, मी बांधली, मीच सोडतो. सुखदेवने त्याला बाजूला केलं. सिव्हिलियनला उतरू देता येत नाही, असं त्याने माझ्याकडे बघून सांगितलं. आकडा तोवर दोन पुरुष पाण्याखाली गेला होता.

मी रेडिओवर कॅप्टनसाहेबांना विचारलं.

"एक जवान उतरवतो. परवानगी? ओव्हर."

"दोर बांधून. झडपेसमोर नको, साइडने. ओव्हर."

भिंतीच्या बाहेरून लोखंडी पायऱ्या होत्या. सुखदेवने बूट काढले, कमरेला दोर बांधला, वायर कटर मनगटाला अडकवला. तीन झटके म्हणजे वर ओढा, असं ठरलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवून तो माझ्या कानाशी आला. "उस्ताद, रिपोर्टात त्याचं नाव घालू नका. पोराबाळांचा माणूस आहे." मी म्हटलं, तू आधी वर ये, मग बघू. तो खाली गेला.

थोड्या वेळाने भिंतीला खालून दणका बसला. माझ्या पायांना तो कळला. आतून लोक ओरडले, पाणी थांबलं, पाणी थांबलं. मी हसलोसुद्धा. मग हातात तीन झटके आले आणि आम्ही चौघांनी ओढलं. दोर हलला नाही. झडप मिटताना दोर तिच्याखाली सापडला होता. ज्या दोराने त्याला वर आणायचं, त्यानेच तो खाली बांधला गेला. पुन्हा तीन झटके आले. एक जवान त्याच पायऱ्यांनी उतरला, त्याला धारेने उचललं, कसाबसा ओढून घेतला. दुसरा उतरला, तोही तसाच. मग मी उतरलो, मलाही जमलं नाही. वर आलो तेव्हा दोर गप्प होता.

नदी उतरल्यावर तो मिळाला. चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही, आणि नव्हतीही. झडपेत अडथळा होता, एवढंच मी लिहून दिलं. पण झोपेत आजही माझे हात ओढत असतात. बायको उठवते तेव्हा चादर मुठीत पिळलेली असते.

सुखदेवचे वडील गावाहून आले. पोराला गावी न्यायच्या गाडीची व्यवस्था होईपर्यंत त्यांना कुठे बसवायचं? रामदासने त्यांना आपल्या खोलीत नेलं. मी बरोबर होतो. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. म्हातारा धोतराचा सोगा आवरून भिंतीला टेकून बसला होता. मग त्याने मला विचारलं, "शेवटले काय बोलना तो?"

खोटं सांगावं तर पोराचं शेवटचं बोलणं बापापासून चोरल्यासारखं. खरं सांगावं तर पोराचा शब्द मोडतो, आणि तोही याच घरात बसून.

रामदास दारात उभा होता. "सांगी द्या साहेब," तो म्हणाला. मग माझी वाट न बघता त्यानेच सगळं सांगितलं. तार, घाण पाणी, मीच बांधली. त्यानंतर मी सुखदेवचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

म्हाताऱ्याने खोलीभर नजर फिरवली. गणपती होता, अंथरुणांची वळकटी होती, कोपऱ्यात रामदासच्या दोन पोरी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

"पानी उनं का तुन्हा घरमा?"

"नही."

"मंग बरं व्हयनं," म्हातारा म्हणाला.

संध्याकाळी गाडी अमळनेरकडे जायला बारडोलीच्या रस्त्याला लागली. ड्रायव्हरने म्हाताऱ्यासाठी पुढची सीट झटकून ठेवली होती. तो पुढे बसला नाही. मागे चढला आणि पेटीवर हात ठेवून पोराजवळ बसला.