मुलगी आणि लेणी, एकाच फेरीत

आमच्या जळगावात पाहुणा आला की त्याला अजिंठा दाखवावाच लागतो. असा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडायची कोणाची छाती नाही. पाहुणा पुण्याचा असो की नाशिकचा, पहिला चहा घशाखाली उतरायच्या आत विचारतो, "अजिंठा इथून जवळच ना हो?" जवळच आहे बाबा. आमच्याजवळ दुसरं आहे काय दाखवायला? केळीच्या बागा दाखवल्या तर पाहुणा जांभया देतो.

हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरचं सांगते आहे. आम्ही पिंप्राळ्यात राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, डाळ मिलमध्ये कामाला होते. मूळचे अमळनेरकडचे, म्हणून घरात अहिराणी आणि दाराबाहेर शुद्ध मराठी, असा आमचा कारभार. आम्ही दोघी बहिणी. अक्का मोठी, मी धाकटी. आणि अक्काचं लग्न जमत नव्हतं. घरातली सगळी भांडणं, सगळे उपास, सगळ्या गप्पा फिरून फिरून तिथंच येऊन बसायच्या.

अक्का काळी होती. सावळी नाही, काळी. सावळी हा शब्द मध्यस्थांचा, माल खपवायला काढलेला. बाकी तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. बी.ए. झालेली, डोळे मोठे, बोलणं मोजकं पण असं की ऐकणाऱ्याला हसू यावं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला बसली की शेजारच्या बायका उगाच काहीतरी मागायचं निमित्त करून यायच्या. मी तिच्यापुढे अगदीच उडाणटप्पू, पण मायवर गेलेली. माय गोरी. एवढंच काय ते माझं कर्तृत्व.

तर झालं असं की लांबच्या स्थळांना आमच्याकडे यायला एक छान निमित्त सापडलं. मुलगीही बघू आणि लेणीही बघू. एका फेरीत दोन कामं! रविवारी सकाळच्या गाडीनं मंडळी उतरायची, आमच्याकडे पोहे व्हायचे, अक्काला चार प्रश्न व्हायचे, की लगेच कोणीतरी घड्याळ बघायचं. "मग निघायचं का? ऊन व्हायच्या आत पोहोचलेलं बरं." आबांनी जीप आधीच सांगून ठेवलेली असे. माय पहाटे उठून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरीत बांधून द्यायची. ती स्वतः कधी आली नाही. संध्याकाळी मंडळी परत आली की त्यांना शेवभाजी लागायची ना! ती कोण करणार?

आणि अक्काला न्यावंच लागे. मुलीचं वागणं-बोलणं प्रवासात कळतं म्हणे. मला तिच्यासोबत पाठवत, तिला एकटं वाटू नये म्हणून. पुढे हेच आमच्या अंगाशी आलं.

आबांच्या डोक्यात एक खूळ होतं. पहिल्याच लेण्यात भिंतीवर एका काळ्या राणीचं चित्र आहे. मान जराशी कललेली, डोळे अर्धे मिटलेले, अंगावर मोत्यांचे सर. गाइड म्हणायचा, "ही बघा ब्लॅक प्रिन्सेस. हिला बघायला गोरे लोक समुद्र ओलांडून येतात." हे एकदा आबांनी ऐकलं आणि त्यांचे डोळेच चमकले. घरी आल्यावर ते मायला म्हणाले, "जग जिले देखाले येस ती काळीच शे ना! मंग मन्ही पोर काय वाईट शे?"

त्यानंतर प्रत्येक वेळी आबा तेच करायचे. दिवेवाला त्या चित्रावर उजेड टाकायचा, पाहुणे माना वर करून "अहाहा" म्हणायचे आणि नेमक्या त्याच वेळी आबा हळूच म्हणायचे, "अक्का, तू जरा तिकडे सरक ना. इकडे गर्दी होते आहे." तिकडे म्हणजे चित्राखाली. उजेडात. आबांना वाटायचं, पाहुण्यांची नजर वरून खाली येईल आणि त्यांना उमगेल. कसलं काय! नजर वरून खाली यायची आणि परत वर जायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अरे, मुलीला असं भिंतीशी उभं करतं का कोणी! मी दात-ओठ खात उभी राहायची. अक्का मात्र बापाचं मन मोडायचं नाही म्हणून निमूट सरकायची.

एका मुलाच्या आईनं तर कहर केला. तोंडाला पदर लावून त्या चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "रंग काळा असूनसुद्धा काय गोडवा आहे हो चेहऱ्यावर!" आबांनी मला कोपरानं ढोसलं. घरी आल्यावर त्यांनी मायला ते वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याच आठवड्यात आमचे मध्यस्थ नाना आले. नाना मायचे लांबचे भाऊ, बाजारात कापड दुकानात बसायचे आणि रिकाम्या वेळी लग्नं जमवायचे. म्हणाले, "पत्रिका जमत नाही म्हणतात." पत्रिका! भरीत खाताना बरी जमली होती.

असं किती वेळा झालं ते मी सांगत नाही. माय देवाला बोललेले नारळ विसरून गेली, एवढं समजा.

अक्काला खरं तर तिथं एकच जागा आवडायची. अगदी शेवटाकडच्या लेण्यात बुद्ध आडवा निजलेला आहे, निर्वाणाला गेलेला. लांबच लांब मूर्ती, उशाला हात, आणि खाली त्याचे शिष्य शोक करत बसलेले. पाहुणे तिथवर जायचेच नाहीत. चारपाच लेण्यांत त्यांची हौस फिटायची आणि ते झाडाखाली पाय चोळत बसायचे. मग अक्का मला घेऊन तिकडे जायची. तिथं गारवा असायचा, वटवाघळांचा वास असायचा. एकदा मी विचारलं, इथं काय ठेवलंय एवढं? ती म्हणाली, "आठे मले कोनी देखत नही. त्याना डोया मिटेल शेतस." मी बुद्धाच्या मिटल्या डोळ्यांकडे बघून हसले आणि ती पण हसली.

मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत, आईवडील साधे, आत्या तेवढी तोंडाळ. पोहे झाले, जीप निघाली, सगळं नेहमीसारखं. पहिल्या लेण्यात आबांनी अक्काला सरकवलं, तेही नेहमीसारखं. पण हा मुलगा चित्राकडे बघून झाल्यावर तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "तुम्ही किती वेळा पाहिलंय हे?"

अक्का म्हणाली, "जितक्या वेळा मला पाहिलंय तितक्या वेळा."

अगबाई! मला वाटलं, संपलं आता. आबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण तो मुलगा मोठ्यानं हसला. लेण्यात आवाज घुमला तसा दिवेवाला ओरडला. मग तो तिच्याबरोबर चालायला लागला. मी मागे. बाकीचे झाडाखाली बसले तरी तो बसला नाही. निजलेल्या बुद्धापर्यंत आमच्याबरोबर आला. तिथं अक्कानं त्याला रडणाऱ्यांतला एक चेहरा दाखवला आणि म्हणाली, बाकीचे सगळे रडताहेत, हा मात्र विचार करतो आहे की उद्यापासून कोणाला विचारायचं. तो कितीतरी वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मला मनातून वाटलं, देवा, हाच.

परत येताना अक्कानं जीपमध्ये खिडकीची जागा मागून घेतली. तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. केस वाऱ्यानं सुटले तरी तिनं बांधले नाहीत. घरी आल्यावर तिनं मायला विचारलं की धुळ्याला पाणी कसं आहे, केस गळतात का. माय पदरात तोंड घालून रडायला लागली, आनंदानं. आबा अंगणात येरझारा घालत होते आणि शेजाऱ्यांना उगाचच हाका मारत होते. मलाही खूप आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

नाना आले तेव्हा अक्का आत चहा टाकत होती. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पाणी प्यायले. मग म्हणाले, "पसंत आहे. पण धाकटी."

नानाच पुढे बोलत राहिले, "मोठी फार हुशार आहे म्हणतो. बोलायला, समजून घ्यायला फार चांगली म्हणतो. स्वतः मुलगाच म्हणतो हो, आत्या नाही. पण रंगाचं काय आहे, उद्या पोरंबाळं व्हायची. धाकटी देत असाल तर लगेच करू, देण्याघेण्याचा विषयच नाही."

अक्का ट्रे घेऊन बाहेर आली. नानांना साखर पुरेशी आहे का विचारलं. मला कप दिला. ट्रेमध्ये एक थेंब सांडला नव्हता. माझा मात्र चहा बशीत सांडला, बशीतून परकरावर सांडला, आणि मी उठून मागच्या दारी जाऊन त्या माणसाला तोंडाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. बत्तिशी दाखवत बुद्धापर्यंत आला होता मेला!

मी नाही म्हणून सांगितलं. आदळआपट केली, जेवण सोडलं. आबा नुसते भिंतीकडे बघत बसायचे. माय मात्र एका संध्याकाळी हळूच म्हणाली, "एकीनं तरी लगीन व्हई जाऊ द्या." तिचा तरी काय दोष. दोन पोरी घरात, एक अडली म्हणजे मागची पण अडली, हा आमच्याकडचा हिशोब. धाकटीचं आधी झालं तर मोठीच्या नावावर कायमची काट, हा पण त्याच हिशोबातला. तो घरात सगळ्यांना पाठ होता.

शेवटी अक्काच माझ्याशी बोलली. गच्चीवर डाळ वाळत घातली होती, ती हातानं पसरवत होती. वर न बघता म्हणाली, "तू नही म्हनशी तं तो मले करनार शे का?"

मी डाळीतले खडे वेचत राहिले.

"नही ना? मंग दोन्हीजनी बशीसन काय करूत?" जरा थांबली आणि म्हणाली, "तुनं लगीन व्हई गयं ते मले डोंगरवर लई जानं तरी बंद व्हई."

मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. ती रडली नाही. डाळीत पाय पडेल म्हणून तिनं मला बाजूला सरकवलं.

माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. मारणारा, पिणारा असता तर निदान त्याच्यावर राग धरून जगता आलं असतं. हा माणूस मला साडी घेताना विचारतो, कोणता रंग खुलेल. अक्काबद्दल आदरानं बोलतो. स्थळं मात्र तिला त्यानंतर आली नाहीत. धाकटीचं आधी झालं म्हणजे मोठीत काहीतरी असणार, असं लोक धरूनच चालतात. नानांनी आमच्याकडे येणंच सोडलं. मी चार ठिकाणी शब्द टाकला, दोनदा अपमान करून घेतला आणि मग मीही थांबले. आता काही व्हायचं नाही, हे मला मायच्याही आधी कळलं होतं.

नव्वद साल उलटल्यावरची गोष्ट. माझ्या यजमानांचे साहेब सहकुटुंब जळगावला यायचे होते. त्यांना काय बघायचं होतं ते सांगायला नकोच. यजमान म्हणाले, "अक्कांना घेऊ बरोबर. त्यांच्याइतकं तिथलं कोणाला माहीत आहे?" चांगल्या मनानंच म्हणाले. मी नको म्हणायच्या आत आबांनी हो म्हणून टाकलं. जावयाला नाही म्हणायचं आबांना कुठून सुचणार! पहाटे अक्कानंच दशम्या केल्या, कारण मायचे गुडघे गेले होते.

पहिल्या लेण्याशी आम्ही चपला काढल्या. अक्का पायरीवर बसली. "तुम्ही या जाऊन. मी चपला सांभाळते," साहेबांच्या बायकोसमोर शुद्धात म्हणाली. आबा आत जायला निघाले होते, ते उंबऱ्याशी अडखळले. सवयीनं त्यांनी मागे वळून पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तसेच आत गेले.

आत दिवेवाल्यानं उजेड टाकला. काळी राणी जशीच्या तशी होती, मान कललेली, मोती ल्यालेली. माझे यजमान साहेबांना अगदी रंगात येऊन सांगत होते, "बघा साहेब, काळी आहे, पण काय देखणी! असं रूप शोधून सापडायचं नाही." आबा माझ्या शेजारी उभे होते. चित्राखालची जागा रिकामी होती आणि ते तिकडेच बघत होते. मी त्यांचा हात धरला.

आम्ही बाहेर आलो. अक्कानं सगळ्यांच्या चपला उलट्या फिरवून जोडीनं लावून ठेवल्या होत्या, कोणाला वाकावं लागू नये म्हणून. यजमानांनी साहेबांशी बोलता बोलता पाय घातले आणि पुढच्या लेण्याकडे चालू लागले. खाली बघायची त्यांना गरजच पडली नाही.

मी अक्काजवळ टेकले. म्हटलं, चल, आपण दोघी शेवटच्या लेण्यात जाऊ, निजलेल्याकडे. ती म्हणाली, नको, एवढं चालवत नाही आता. मग माझ्या चपला माझ्याकडे सरकवत विचारलं, "तशीच शे का ती?"

"तशीच."

"तिले काय धाड भरनी," अक्का म्हणाली, आणि पाण्याची पिशवी उचलून पुढच्या लेण्याच्या पायरीवर बसायला निघाली.