डावीकडे ओढणारी सायकल

जुनी सायकल डावीकडे ओढते, असं दादा पावसाळा संपल्यापासून म्हणत होता. आमच्या पाम गावाहून तारापूरच्या कारखान्यात तो रोज सायकलनेच जाई. त्याने हँडल सरळ करून घेतलं, पुढच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला, तरी ओढ जाईना. शेवटी नवीनच घ्यायची ठरली आणि एका रविवारी मला सोबत घेऊन तो बोईसरच्या दुकानात गेला. मला सायकल त्यानेच शिकवलेली, म्हणून अशा खरेदीत धाकट्या बहिणीचाही शब्द चाले.

सायकल पारखायची त्याची एक रीत होती. रंगाकडे बघायचाच नाही. पुढचं चाक उचलून फिरवायचा, कान जवळ नेऊन ऐकायचा. मग चालवायला मागायचा, आधी अगदी सावकाश. वेगात कुठलीही सायकल चांगलीच वाटते, असं त्याचं म्हणणं. मुद्दाम खड्ड्यातून न्यायचा, हादरा कमरेला बसतो की मनगटाला ते बघायचा, आणि सरळ रस्ता आला की दोन्ही हात सोडायचा.

पहिली सायकल घेऊन तो सालवडच्या बाजूला गेला आणि परत येऊन म्हणाला, हीही डावीकडे जाते. दुकानदाराने दुसरी काढून दिली. तीही तशीच. तिसरीवर हात सोडताच तो रस्ता सोडून कडेच्या रेतीत उतरला आणि पाय टेकवून कसाबसा उभा राहिला. दुकानदाराने न चिडता तीच सायकल चालवून दाखवली. मग दादाने मला बसवलं. "हात सोड," तो मागून म्हणाला. मी सोडले. सायकल रेघेसारखी सरळ गेली.

वळून आले तर तो उजव्या हाताने डावा तळवा चोळत उभा होता.

"सायकल नीट हाय," तो म्हणाला. "मीच वाकडा जातोय."

दुकानदार हसला. मलाही हसू येत होतं, पण दादाचा चेहरा बघून ते तिथेच विरलं. डाव्या हाताने शर्टाची बटणं लागत नाहीत, कारखान्यात पाना हातातून निसटतो, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. मी नको म्हणत असताना त्याने ती तिसरी सायकल घेतली आणि माझ्या हाती दिली.

आधी पालघरला, मग मुंबईला तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण गाठ सगळी काढता आली नाही.

थंडीत एका संध्याकाळी त्याने समुद्रावर न्यायला सांगितलं. कॅरिअरवर बसून उजव्या हाताने त्याने माझी कंबर धरली. मागे माणूस बसलंय असं वाटू नये इतका तो हलका झाला होता. कशी चालतेय, मी विचारलं.

"मागं बसून काय कळत नाय," तो म्हणाला. "तू चालव."

किनाऱ्यावर तो बराच वेळ बसला. निघताना मात्र त्याला परत कॅरिअरवर बसवणं मला एकटीला जमेना. मासळी सुकवणाऱ्या दोन बाया हातातलं काम टाकून आल्या आणि दोन्ही बाजूंनी धरून त्यांनी त्याला बसवलं. तो त्यांच्याकडे न बघता खाली वाळूत बघत राहिला.

चैत्रात दादा गेला. किनाऱ्यावरच्या त्या दोन बायांतली एक पुढे बोईसरच्या बाजारात भेटली. भाऊ कसा हाय, तिने विचारलं. गेला, मी म्हणाले. तिने डोक्यावरची टोपली उतरवली आणि ती माझ्याजवळ उभी राहिली.