पाणचक्कीच्या पाच पायऱ्या

इंग्लंडमधल्या एका चौदा घरांच्या खेड्याचा जगातला सगळ्यात मोठा जाणकार दोह्यात, बिन महमूद भागात, आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. आणि त्याने इंग्लंड पाहिलेलं नाही. या काकांची हयात कतारमधल्या रस्त्यांची लेव्हल, म्हणजे चढउतार, मोजण्यात गेली. मुलगी नर्स होऊन त्या खेड्यात राहायला गेली, तेव्हा त्यांनी तिला पहिलं काम सांगितलं ते टेपने दारापुढच्या पायऱ्या उंचीसकट मोजण्याचं. पाच निघाल्या. घर म्हणजे जुनी पाणचक्की, अगदी ओढ्याला खेटून. चिपळूणचं स्वतःचं घर माळ्यापर्यंत बुडालेलं पाहिलेल्या माणसाला याहून वाईट पत्ता मिळणं अवघड होतं.

शुक्रवारी सकाळी चहाला गेलं की टेबलावर ते गाव मांडलेलं असायचं. बशी म्हणजे चर्च, चमचा म्हणजे ओढा, खारी म्हणजे एका कमानीचा दगडी पूल. बोलता बोलता पूल चहात बुडायचा आणि काका स्वतःच दचकायचे. चर्च हजार वर्षांचं आहे, असं ते छाती फुगवून सांगत. फोटोत मनोरा आमच्या गच्चीवरच्या टाकीएवढा दिसे. एका ओकखाली कुणी राजा विसावला होता म्हणे. आपल्याकडे दर दगडावर कुणाच्या तरी घोड्याची टाप असते, तसे तिकडे दर झाडाखाली राजे विसावतात. "कोंडवाड्यापासून विहीर किती पावलं, ते विचारा," काकू म्हणायच्या, "घरातली साखर कुठल्या डब्यात आहे ते मात्र विचारू नका." तिकडे पाऊस लागला की काका दोह्याच्या रखरखीत उन्हात छत्री घेऊन निघत.

गेल्या हिवाळ्यात तिकडे तीन दिवस संततधार लागली आणि शुक्रवारी सकाळपासून मुलगी फोन उचलेना. अकराव्या फोननंतर काकांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. "तिसऱ्या पायरीवर पाणी असणार." चहा तसाच निवला. काकू देवापुढे बसल्या. शेवटी काकांनी चर्चच्या फोटोतला सूचनाफलक मोठा करून त्यावरचा नंबर लावला. चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी फोन घेतला. काकांनी साइटवरच्या इंग्रजीत हुकूम सोडला, "मॅडम, पाणचक्कीत माझी मुलगी आहे, जरा बघून या. पुलाजवळच्या रस्त्याने नको. कोंडवाड्यामागून जा, तिथली जमीन उंच आहे."

"तिथून वाट आहे हे गावातल्या नव्या लोकांनाही माहीत नाही," बाई चकित होऊन म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या घरचे?"

"पाणचक्कीच्या," काका म्हणाले.

वीस मिनिटांनी बाईंचाच फोन आला. पाणी दुसऱ्या पायरीवर होतं. मुलगी रात्रपाळी करून, फोनचा आवाज बंद ठेवून गाढ झोपली होती.

"दुसरी? माझ्या हिशेबाने तिसरी यायला हवी," काका पुटपुटले आणि आतल्या खोलीत गेले. बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला.

यंदा मुलगी शहरातल्या हॉस्पिटलात गेली. राहते तिसऱ्या मजल्यावर. मला वाटलं, सुटले काका. गेल्या आठवड्यात जिन्यात भेटले. बाहेर कडक ऊन, हातात छत्री.

"अहो काका, आता कोण आहे तुमचं तिथं?"

"त्या बाई आहेत ना," ते म्हणाले. "ओढ्याकाठीच राहतात, एकट्या. आणि त्यांच्या दाराला पायऱ्या दोनच आहेत."